मदत हवी आहे: प्लेऑफपूर्वी कोणत्या जखमी खेळाडूला परत घ्यावे?

धागाकर्ता: आमच्या हौशी फुटबॉल संघाचे प्लेऑफ तोंडावर आले असून अंतिम संघयादी परवा द्यायची आहे. यादीत एकच जागा उरली आहे आणि तिच्यावर हक्क सांगणारे दोघेही दुखापतीतून सावरत आहेत. दोघेही तयार असल्याचे सांगतात. निवड मलाच करायची आहे, म्हणून कृपया ‘डॉक्टरांना विचारा’ एवढ्यावर न थांबता कोणाला घ्यावे ते स्पष्ट सांगावे.

गोलरक्षक_१: आपण अमेरिकन फुटबॉलविषयी विचारत आहात की पायाने खेळायच्या? दुखापती कसल्या आहेत आणि खेळाडू कोणत्या जागेवर खेळतात, हे कळल्याशिवाय उत्तर कसे द्यायचे?

धागाकर्ता: पायाने खेळायचेच फुटबॉल, ते वेगळे सांगावे लागेल असे वाटले नव्हते. एक आघाडीपटू आहे, त्याचा हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, दुखावला होता. दुसरा मधला बचावपटू आहे, त्याचा गुडघा.

जुना_आघाडीपटू: मग विचार कसला करता? बाद फेरीत एका गोलने निकाल लागतो. माझा हॅमस्ट्रिंग दुखावला असताना मी पट्टी बांधून खेळलो आहे. आघाडीपटूलाच घ्या.

मैदानप्रेमी: हे मला मुळीच पटत नाही. २०१४ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात अ‍ॅटलेटिको माद्रिदने हॅमस्ट्रिंगमधून नुकत्याच सावरणाऱ्या दिएगो कोस्टाला सुरुवातीपासून उतरवले आणि नवव्या मिनिटाला त्याला बाहेर घ्यावे लागले. तेव्हा तीनच बदली खेळाडू मिळत. त्यांतला एक तिथेच संपला आणि अतिरिक्त वेळेत थकलेल्या संघाकडे बदलच उरला नाही. ते ४-१ ने हरले.

जुना_आघाडीपटू: इंग्लंडचा आघाडीपटू रूनीही २००६ मध्ये पायाचे हाड मोडल्यावर विश्वचषकात खेळलाच ना?

मैदानप्रेमी: खेळला, पण त्या स्पर्धेत त्याला एकही गोल करता आला नाही. शिवाय जुळलेले हाड आणि वेगाने धावताना पुन्हा फाटू शकणारा स्नायू यांची तुलना कशी करता येईल?

फिजिओथेरपिस्ट: वाद बाजूला ठेवून विचारते, ‘गुडघा’ म्हणजे नेमके काय? मेनिस्कस (सांध्यातली कूर्चेची गादी) की एसीएल (गुडघा स्थिर ठेवणारा अस्थिबंध), आणि शस्त्रक्रिया झाली आहे का?

धागाकर्ता: एसीएल. शस्त्रक्रियेला सात महिने झाले आहेत. तो सरळ रेषेत उत्तम धावतो.

फिजिओथेरपिस्ट: ही माहिती पहिल्याच ओळीत हवी होती. सरळ धावणे ही कसोटी नव्हे. बचावपटूला अचानक वळावे, थांबावे आणि उडी मारून एका पायावर उतरावे लागते. नऊ महिन्यांआधी परतणाऱ्यांत गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका स्पष्टपणे जास्त असतो आणि त्यानंतरही एका पायावरच्या उड्यांत व मांडीच्या ताकदीत जखमी पाय दुसऱ्याच्या किमान ९० टक्के भरायला हवा. त्यामुळे त्याचे नाव यादीत देऊ नये, असे मी ठामपणे सांगते. आघाडीपटू संघाबरोबर पूर्ण सराव करतो का?

पेनल्टीवाला: प्लेऑफमध्ये पेनल्टी शूटआउट होण्याची शक्यता मोठी असते, तेव्हा पाच नेमबाज आजच ठरवून ठेवावेत.

धागाकर्ता: तो प्रश्न नाही. आघाडीपटू या आठवड्यापासून पूर्ण सराव करतो, मात्र पूर्ण वेगाने धावल्याचे मी पाहिलेले नाही.

गोलरक्षक_१: बाहेर गेलेला खेळाडू तुमच्या स्पर्धेत पुन्हा उतरू शकतो का?

धागाकर्ता: नाही. पाच बदल, तेही खेळ तीनदाच थांबवून.

मैदानप्रेमी: तर मग त्याला शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांसाठीच राखून ठेवा, म्हणजे सुरुवातीलाच एक बदल वाया जाण्याची वेळ येणार नाही.

फिजिओथेरपिस्ट: सहमत, परंतु आधी त्याला उद्या पूर्ण वेगाने अनेकदा धावायला लावा आणि लांब पल्ल्याचे फटकेही मारायला सांगा. यादी देण्यापूर्वी परवा सकाळी मांडी आखडली आहे का, ते विचारा. दुखत असेल, तर ती जागा तंदुरुस्त राखीव खेळाडूला द्यावी.

धागाकर्ता: उद्या संध्याकाळी चाचणी घेतो. बचावपटूला आजच फोन करून कारणासह सांगतो. यादी वाचून त्याला कळावे, हे मला योग्य वाटत नाही.