प्रतिसाद: फक्त आकड्यांमुळे नाही

वर म्हटलंय की बेकायदा स्थलांतरित जास्त असले की तिथली नगरपालिका कडक होते, ते मला अर्धंच पटतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातलं हेझल्टन बघा, कोळशाच्या खाणींचं जुनं गाव, २००० मध्ये लॅटिनो (मूळचे लॅटिन अमेरिकेतले लोक) जेमतेम ५ टक्के आणि २०१० मध्ये ३७, म्हणजे एकूण संख्येपेक्षा बदलाचा वेग लोकांना जास्त टोचला असं मला वाटतं, त्यात २००६ मध्ये मेयर लू बार्लेटा यांनी बेकायदा लोकांना घर भाड्याने देणाऱ्या मालकाला दंडाचा नियम आणला. कोर्टाने तो रद्द केला, पण बार्लेटा २०१० मध्ये काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर निवडून गेले! हे राजकीय गणित धाग्यात कुणीच मांडलं नाही, आणि अशा नियमांमुळे कागदपत्रं असलेल्या कुटुंबांनाही घर शोधताना संशयाने बघितलं जाणार याचं मला खरंच वाईट वाटतं.