कळंबोलीहून नाशिक: क्राउन ५.२९ की ४.४४?

प्रश्न, कळंबोली: ट्रेलरला क्राउन (मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या किती फेऱ्या) ५.२९, टॉप गिअर १:१ (इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगाने), टायर २९५/८० आर २२.५. डिझेल वाचवायला ४.४४ टाकू का? वाटेत कसारा घाट आहे.

उत्तर, उरण: आधी हिशेब करा. टायर एका फेरीत साधारण ३.२ मीटर जातो. साठच्या वेगाला ५.२९ वर इंजिन १,६५० आरपीएम फिरतं, ४.४४ वर १,३९०. तेवढ्यावर आरपीएमचा काटा हिरव्या पट्ट्यात (कमी डिझेलच्या टप्प्यात) राहिला तरच फायदा.

उत्तर, भिवंडी: दादा, चाकावरची ओढ १६ टक्के घटते. भरलेली गाडी घाटात थांबवून पुन्हा उचलताना क्लच जळतो. पहिला गिअर किती खोल आहे (त्याचा रेशो किती मोठा), ते बघूनच ठरवा.

उत्तर, उरण: बरोबर. शिवाय क्राउन आणि त्याला फिरवणारा छोटा पिनियन गिअर जोडीनेच बदला. दोन ड्राइव्ह अ‍ॅक्सल (इंजिनची ओढ मिळणारे) असतील तर दोन्हींना एकच रेशो. स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालत असेल तर काटा ६० दाखवेल आणि गाडी ७१ ने पळेल. तोही जुळवून घ्या.