वरंगची केरे बसदी: नावेबद्दल थोडं

कर्नाटकात उडुपी जिल्ह्यातल्या वरंगची केरे बसदी म्हणजे तळ्यातलं जैन मंदिर (केरे म्हणजे तळं, बसदी म्हणजे जैन मंदिर). तिथे जायला पूल आहे का? नाही, नावेशिवाय वाट नाही. कारकळहून हेब्रीच्या रस्त्याने वरंग साधारण २५ किमी. आधी जवळच्या नेमिनाथ बसदीत नावेची चौकशी करा, थेट काठावर गेलात तर ताटकळाल. नाव छोटी आहे. एकेकाने चढा, मधोमध बसा, फोटोसाठी उभं राहू नका. चामड्याचा पट्टा, पाकीट गाडीतच ठेवा.

बसदी चतुर्मुख आहे, चारी दिशांना तीर्थंकर. एका दारातून दर्शन घेऊन परतू नका, पूर्ण प्रदक्षिणा घाला. पद्मावती देवीपुढे नवस बोलणारे भाविक असतात, तिथे आवाज नको. पावसाळ्यात कमळांमधून कौलारू छप्पर फार सुंदर दिसतं, पण जोराच्या सरीत नाव थांबते. घाटातल्या आगुंब्याला त्याच दिवशी जायचं तर सकाळीच या.