मदत हवी आहे: टंगस्टन ऑक्साइडचा कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) चार तासांत काळा पडतोय

नमस्कार मंडळी. नांदेडला एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी इथेनॉलमधून पाणी काढून इथिलीन बनवतोय. आपल्याकडे उसाला तोटा नाही, म्हणून विषय लगेच मंजूर झाला! कॅटॅलिस्टला आधार म्हणून एसबीए-१५ ही बारीक छिद्रांची सिलिका मीच बनवली, पी-१२३ (छिद्रांचा साचा बनणारं पॉलिमर) आणि टीईओएस (सिलिका देणारं रसायन) घेऊन, ५५० अंशांवर भाजली. त्यावर अमोनियम मेटाटंगस्टेटचं द्रावण मुरवून २० टक्के टंगस्टन ऑक्साइड चढवलं.

३५० अंशांना पहिला तासभर इथिलीनचं पीक (जीसीतलं, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफच्या आलेखातलं, शेतातलं नव्हे) झकास येतं. मग ते उतरत जातं नि डायइथिल ईथर वाढतं. काल रिअॅक्टरची नळी उघडली तर पिवळसर पावडर वरून काळीकुट्ट, खाली नुसती राखाडी. कोक (कार्बनचा थर) बसलाय हे उघड आहे. हवेत ५०० अंशांवर जाळला की रंग परत येतो, पण काम पहिल्यासारखं करत नाही. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायची चाचणी) २३ ते २४.५ अंशांच्या कोनांमध्ये तीन पीकं दिसतात, म्हणजे ऑक्साइड नीट पसरलंच नाही, ढेकळं झालीत असं मला वाटतं.

आता लोडिंग (ऑक्साइडचं प्रमाण) १० टक्क्यांवर आणू, की फीडमध्ये (आत सोडायच्या इथेनॉलमध्ये) पाणी मिसळून बघू? पाण्यानं कोक कमी होईल, पण जिथे अभिक्रिया होते त्या आम्ल जागाही तेच अडवेल ना? शिवाय मराठवाड्यात कुणाकडे पिरिडीन-आयआर (पिरिडीन चिकटवून इन्फ्रारेडनं आम्ल जागा बघायची चाचणी) करून मिळेल का? १५४० आणि १४५० चे पट्टे बघायचेत, ब्रॉन्स्टेड (प्रोटॉन देणाऱ्या) जागा किती नि लुईस (इलेक्ट्रॉन-जोडी घेणाऱ्या) किती ते कळेल.

जरा लवकर सांगा. परवा मधेच लाईट गेली, फर्नेस थंड, सगळं पहिल्यापासून.