सोडियमची क्रांतिक घनता: मोजायची की काढायची?

धातुवेडा: २५०० केल्विन आणि २५ मेगापास्कलला, म्हणजे द्रव आणि बाष्प यांतला फरकच मिटतो त्या क्रांतिक बिंदूला, सोडियमची घनता मोजायचा खटाटोप कशाला? उत्कलनबिंदूपर्यंत (११५६ के.) द्रवाची घनता नीट घ्या, पुढचं सरळ व्यासाच्या नियमावर सोडा: द्रव-बाष्प घनतांची सरासरी तापमानाबरोबर सरळ रेषेत उतरते. ११५६ ला बाष्प घनमीटरला जेमतेम पाव किलो, म्हणजे सरासरी द्रवाच्या निम्मी. फिंक-लाइबोविट्झ यांच्या सोडियम-घनतेच्या समीकरणानं (१९९५) ८०० के. ला द्रव ८२८ किलो, ११५६ ला ७४२. निम्मे ४१४ आणि ३७१. रेषा २५०४ के. पर्यंत ओढली की २०९. क्रांतिक घनतेसाठी त्यांची शिफारस २१९. आणखी काय हवं?

उणेअधिक: ८२८, ७४२ आणि २१९ तिन्ही एकाच समीकरणातले! २१९ तर त्यातलं पहिलंच पद. जुळणार नाही तर जाईल कुठे?
कसोटी सिझियमवर घ्या, तिथे क्रांतिक बिंदूपर्यंत प्रत्यक्ष मोजमाप आहे (युंग्स्ट, क्नुथ, हेन्सेल, १९८५): १९२४ के., घनता ०.३८ ग्रॅम/घसेंमी. खालच्या तापमानाची रेषा ओढलीत तर उत्तर ०.४५ च्या वर. घनता घटत जाते तसे मोकळे इलेक्ट्रॉन अणूंना चिकटतात, धातूपण जातं, अणूंमधलं आकर्षणच बदलतं. मग रेषा सरळ कशी राहणार?

बुडबुडा: नियमाचं राहू द्या, आधी मापं बघा. ११५६ ला अर्धा टक्का चुकलात तर २५०४ ला ९ किलोंचा फरक.
द्रवात बुडवलेल्या नळीतून आर्गॉनचे बुडबुडे सोडून, त्याला लागणाऱ्या दाबावरून घनता मोजत असाल तर ८०० के. ला ५ सेंमी खोलीफरकाचा दाब फक्त ४०६ पास्कल. १ मिमी त्रिज्येच्या नळीत पृष्ठताणाचा वाटा ३१० च्या आसपास. दोन नळ्या वापरल्या आणि त्रिज्येत १ टक्का फरक निघाला की ३ पास्कल, म्हणजे घनतेत पाऊण टक्का गेलाच. एकच नळी दोन खोलींवर न्या, म्हणजे पृष्ठताण वजाबाकीत निघून जातो. नळीची लांबी साध्या तापमानाला मोजून तशीच वापरू नका, ८०० के. ला स्टेनलेस स्टील ०.९ टक्का लांबलेलं असतं. टोकावर ऑक्साइड धरला की त्रिज्याच बदलते, म्हणून सोडियम आधी कोल्ड ट्रॅपमधून (ऑक्साइड गोठवून अडकवणाऱ्या थंड भागातून) फिरवा.

धातुवेडा: मापांचं पूर्ण मान्य. पण कल्पक्कमच्या पीएफबीआर या सोडियमनं थंड होणाऱ्या अणुभट्टीत गरम सोडियम ५४७ अंश सेल्सियसचं, साधारण ८२० के. तिथे क्रांतिक बिंदू लागतो कुणाला?

उणेअधिक: रोजच्या चालण्याला नाही. गाभा वितळण्याच्या अपघाताच्या गणितात लागतो, आणि तिथे सिझियमला रेषेमुळे पडला तसा वीस टक्क्यांचा फरक म्हणजे थोडं नाही. रेषेऐवजी सिझियम-रुबिडियमच्या मोजलेल्या वक्राचा बाक घ्या, तापमान आणि घनता दोन्ही क्रांतिक मूल्यांनी भागून.

बुडबुडा: सोडियमला चालेल. लिथियमला तोच बाक लावायला माझा विरोध आहे. त्याचं क्रांतिक तापमान ३००० के. च्या वर जातं, आणि निकेल विरघळवत असल्यानं तापलेल्या लिथियमला स्टेनलेसचं भांडंही चालत नाही.