घरच्यांना अ‍ॅफिलिएट मार्केटिंग समजावताना तुमचं काय झालं?

चाळणी
आज सकाळी बाबांनी घरच्या ग्रुपवर कुकरची लिंक टाकली, खाली लिहिलं, "ही तुझीच ना? शेजारच्या काकूंना देतो." आणि एकदम २०१८ आठवलं. नोकरी सांभाळून मी स्वयंपाकघरातल्या वस्तूंवर ब्लॉग सुरू केला होता. बाबांना सांगितलं, माझ्या लिंकवरून कुणी काही घेतलं की मला कमिशन मिळतं. त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. "किती माणसं जोडायची?"

आमच्या काकांनी एके काळी माणसं जोडत जायच्या साखळी योजनेत चुंबकाच्या गाद्या विकल्या होत्या. नात्यातली एकूणएक घरं करून झाली, मग कुणी फोन उचलेना. दोन गाद्या अजून माळ्यावर आहेत. दर दिवाळीला खाली येतात, झटकून परत वर जातात. त्यामुळे "पैसे भरायचे नाहीत, माणसं जोडायची नाहीत" हे मी कितीदा सांगितलं तरी बाबांना समोर गादीच दिसायची. पहिलं कमिशन आलं ११ रुपये ४० पैसे, पिठाच्या चाळणीचं. म्हणाले, "यात चहा तरी येतो का?"

लिहा तुमचंही.

शिवारातला
आमच्या अप्पांना एका शब्दात कळलं. अडत्या! माल त्याचा नाही, गिऱ्हाईक गाठून देतो, टक्का घेतो. "मग अडत देतं कोण?" विकणारी कंपनी. "म्हणजे आमच्यासारखीच कापतात." मग २०१६ ला भाजीपाल्याची अडत शेतकऱ्यावरून काढून खरेदीदारावर टाकली, त्यावर अर्धा तास. माझा विषय तिथेच गुंडाळला. कांद्याला काय भाव चाललाय कुणाकडे?

दुपारची झोप
मावशीने स्थळवाल्यांना सांगितलं, "मुलगा लिंका टाकतो." 🤦 पुढचा फोन आलाच नाही.

मीनल_ठाणे
😂😂 @दुपारची झोप लिंबं टाकतो असं ऐकू आलं असेल, करणी वाटली असेल

उलट_बाजू
आमच्याकडे घरचेच बरोबर निघाले. मी २५ हजार भरून कोर्स घेतला. शिकवलं काय, तर तोच कोर्स दुसऱ्यांना विकायचा. नाव मात्र अ‍ॅफिलिएट. वडील म्हणाले होते, आधी पैसे मागणारा धंदा धंदा नव्हे. ते पैसे मी आईकडून घेतले होते, अजून पुरते फिटले नाहीत. २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांत पिरॅमिडवर, म्हणजे नवी माणसं जोडून त्यांच्याच पैशावर चालणाऱ्या योजनांवर, बंदी आहे हे मला नंतर कळलं.

चाळणी
@उलट_बाजू 😔 आईशी बोलणं आहे ना नीट?

उलट_बाजू
हो. तीच म्हणते सोड आता.

हिशेबनीस
घाईत आहे, रिटर्नचे दिवस. सासरे माझ्या तोंडी सांगण्याने बधले नाहीत, २६एएसची, म्हणजे आपल्या नावावर कापलेल्या कराच्या सरकारी नोंदीची, प्रिंट दाखवल्यावर बधले. कमिशन देतानाच त्यातून टीडीएस (कर) कापला जातो, १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ चे २ टक्के झाले. "सरकार कापतंय म्हणजे खरं असणार." उत्पन्न दाखवा रे सगळ्यांनी.

पोह्यावर_शेव
आमच्या आईने उत्साहात अख्ख्या भिशीला माझी लिंक पाठवली, "इथूनच घ्या, पोराला दोन पैसे मिळतात." मामाने मिक्सर घेतला, आत्याने इस्त्री. कंपनीने घरच्यांच्या ऑर्डरी धरल्या नाहीत, वर दोन महिन्यांचं कमिशन कापलं. आई अजून म्हणते, चांगुलपणाचा जमाना नाही.

मीनल_ठाणे
मिक्सर कुठला? ओली चटणी होते का छोट्या भांड्यात? माझं पातं नुसतं गरगर फिरतं

चाळणी
@मीनल थोडं पाणी घाल, भांडं अर्ध्याच्या वर भरू नकोस. माझ्या आईचा आक्षेप मिक्सरवरूनच होता. "म्हणजे भंगार मिक्सरलाही तू चांगला म्हणणार." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून लेखाच्या वरच लिहिते की लिंकमधून मला कमिशन मिळतं. एका महागड्या मिक्सरचं झाकण गळतं हेही लिहिलं. त्या लेखातून तो एकही खपला नाही. आई खूश.

शिवारातला
पण चाळणीच्या लिंकवरून शिरून कुणी पाण्याची मोटर घेतली तर?

चाळणी
अ‍ॅमेझॉनवर लिंक दाबल्यापासून २४ तासांत जे घेतील त्याचं मिळतं. एकदा कुणीतरी खरंच मोटर घेतली होती! बाबांना सांगितलं तर म्हणाले, कोण तो, आभार तरी मानलेस का? खरेदी कुणी केली ते आपल्याला दिसत नाही, हे त्यांना आजही पटत नाही.

मीनल_ठाणे
पाणी घातलं. झाली चटणी 🙏