मदत हवी आहे: जुळ्या लेकरांना घेऊन ठाण्याहून परभणी

नमस्कार, माझी डिलिव्हरी ठाण्यात झाली, ३५ व्या आठवड्यातच, जुळी आहेत, मुलगा आणि मुलगी. आता सव्वा महिना झालाय, मुलगा २ किलो ७०० आणि मुलगी २ किलो ४००. आई परभणीहून रोज फोन करती, लेकरं घेऊन ये म्हणती, आणि मलाबी खरंच जायचंय, इथं दोघीतिघींचं काम मी एकटीच करतेय.

देवगिरी एक्सप्रेसनं रात्रीत जाता येतं, एसीत दोन लोअर बर्थ मिळाले तर, पण एसीचा गारठा आणि गर्दीचा खोकला याची भीती वाटते. गाडीनं समृद्धीवरून जालन्यापर्यंत नीट जाता येईल, पुढं परभणी. डॉक्टरांनी जा म्हणलंय पण दर दोन तासाला थांबून लेकरांना त्यांच्या कार सीटमधून बाहेर काढा, दूध पाजा असं सांगितलंय. आता एकीला पाजेपर्यंत दुसरा उठतो, मुठी आवळून लालबुंद होऊन रडतो, मग समृद्धीवर थांबायचं कुठं? बाळंतिणीला बसायला, लंगोट बदलायला स्वच्छ जागा आहे का?

जुळ्यांना घेऊन कुणी गेलं असेल तर प्लीज सांगा, रेल्वे की गाडी? रात्री निघावं का पहाटे?